रांगेतली पहिली कळशी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी कळशी आहे आणि माझ्या पोटाला डाव्या अंगाला एक पोचा आहे. तो पाहिला की मुले पहिल्यांदा त्याच्यावरच बोट ठेवतात. पोच्याची हकिगत लगेच सांगितली तर तुम्ही मला वाईट समजाल, म्हणून सुरुवातीपासून सांगते. जरा धीर धरा.

माझा जन्म नाशिकचा. तांबटाने पितळेचा पत्रा तापवला, वाकवला, जोडला आणि मग दोन दिवस माझ्या अंगावर हातोडीचे ठोके घातले. त्याला मठारणे म्हणतात. ते सोसले म्हणून मी मजबूत झाले. नंतर भांड्यांच्या दुकानात एका बाईंनी मला नखाने वाजवून पाहिले आणि गळ्याखाली नाव घालून घेतले : ‘चि. सौ. कां. अलकनंदा हिस आईबाबांकडून, ४-५-१९८२.’ त्या दिवसापासून मी अलकनंदाबाईंची झाले.

अलकनंदाबाईंचे यजमान पुरुषोत्तमराव. चेन्नईत रेल्वेचे डबे बांधतात, त्या कारखान्यात ते नोकरीला लागले आणि आमचे बिऱ्हाड अयनावरमजवळच्या क्वार्टर्समध्ये, तिसऱ्या मजल्यावर आले. घरात नळ होता. मी स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी बसून असायची, रोज सकाळी भरली जायची आणि दर शनिवारी चिंचेने घासली जायची. पाहुणे म्हणत, “काय चकाकतेय हो कळशी.” हे ऐकून मी जरा शेफारले होते, कबूल करते. खाली रस्त्यावर बाया रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे कुडम कमरेवर घेऊन जात. कुडम म्हणजे तिथली घागर. वाऱ्याने उडतील इतके ते हलके. मी त्यांना भांड्यांत धरतच नव्हते.

मग २००३ सालचा उन्हाळा आला. पाऊस दोन वर्षे रुसलेला, तलाव आटलेले. फाल्गुनात आमचा नळ नुसता फुसफुसायला लागला आणि चैत्रात तेही बंद झाले. क्वार्टर्सच्या आवारातल्या हातपंपाला पाणी यायचे, पण मचूळ. भांडी घासावीत, पिऊ नये. प्यायचे पाणी एक दिवसाआड लॉरीतून येई. आमच्या क्वार्टर्स आणि मागची मशिदीची गल्ली यांच्या मधल्या कोपऱ्यावर एक काळी टाकी ठेवली होती, त्यात लॉरी पाणी सोडायची. मशिदीच्या गल्लीतल्या बायांना या रांगेची वर्षानुवर्षांची सवय होती. आम्हाला ती नवीन होती.

एका शनिवारी दुपारी चार वाजता अलकनंदाबाई मला घेऊन पहिल्यांदा त्या रांगेत गेल्या. पाहतात तर माणसे कमी आणि कुडमच जास्त. एका हिरव्या कुडमाजवळ कुणीच नव्हते. नाशिकला रांग म्हणजे माणसाने स्वतः उभे राहायचे. बाईंना वाटले, कुणीतरी घागर टाकून गेलेय. त्यांनी तो हिरवा कुडम पायाने बाजूला सारला आणि त्या जागी मला ठेवले. चुकीची सुरुवात इथे झाली. त्या गल्लीची रीत अशी, की कुडम म्हणजे माणूस. बाई लेकराला पाजायला घरी जाते आणि तिचा कुडम तिच्या जागी उभा राहतो. त्याला कुणी हात लावत नाही, मग पाय लावणे दूरच.

ती बाई परत आली तेव्हा मी काठोकाठ भरले होते. तिचे नाव खैरुन्निसा. आपला कुडम गटाराकाठी आडवा पडलेला पाहून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने मला गळ्याला धरले, बाईंनी काठाला धरले, दोघी आपापल्या भाषेत बोलू लागल्या आणि मागून कुणीतरी ढकलले. मी निसटले. भरलेली कळशी म्हणजे दहा-बारा लिटर पाणी आणि वर पितळ. मी आधी खैरुन्निसाच्या उजव्या पायावर पडले आणि मग दगडावर. दगडाने मला पोचा दिला. मी तिच्या पायाची तीन बोटे मोडली.

बातमी गल्लीत पोहोचेपर्यंत तिला तिखटमीठ लागले. ‘क्वार्टर्सच्या बायांनी आमच्या बाईला पितळेने ठेचले,’ असे तिकडे झाले. इकडे आमच्या शेजारणीने, सुनेत्राबाईंनी, सगळ्या जिन्याला ठासून सांगितले, “अहो, तिथे कुडम नव्हताच. मी डोळ्यांनी पाहिलं.” त्या शेजारधर्माला जागत होत्या, पण ते धडधडीत खोटे होते. अलकनंदाबाईंना हे ठाऊक होते आणि त्या गप्प राहिल्या. संध्याकाळी दोन्हीकडचे पुरुष जमले, दगड आले. एका रिक्षाची काच फुटली आणि एक दगड लॉरीच्या चालकाच्या खांद्याला लागला. लॉरी यायची बंद झाली.

सोमवारी पाणीखात्याचा एक अधिकारी आला. त्याने टाकीला टेकून, न ओरडता सांगितले, “पुढच्या शुक्रवारपर्यंत मला बारा स्वयंसेवक द्या. प्रत्येक लॉरीला रांगेत उभे राहतील, भांडण होऊ देणार नाहीत, सह्या करून हमी देतील. बारा जण मिळाले तर लॉरी येईल, नाहीतर ती दुसऱ्या वस्तीला जाईल.” अशा मंडळाला त्याने तमिळमध्ये अमैदी कुळू म्हटले, म्हणजे शांततेसाठी जमलेली माणसे.

“बारा ना? मी आणते,” अलकनंदाबाई म्हणाल्या. मनातली बोच त्यांना बसू देत नव्हती.

आता बाया जमवायच्या म्हणजे काय करायचे? बाईंना एकच रीत माहीत होती. महिना चैत्राचा होता. त्यांनी मंगळवारी चैत्रगौरीचे हळदीकुंकू ठरवले. पुरुषोत्तमराव कारखान्याच्या कँटीनमधून सायकलवर पाण्याचा एक डबा आणत, तेवढे सगळे पाणी पन्ह्याला गेले. कैरीची डाळ झाली, आरास झाली आणि पोच्याची बाजू भिंतीकडे करून मलाही मांडले. सोळा जणी आल्या. ओटी भरून झाल्यावर बाईंनी कागद पुढे केला. सोळाही जणींनी सही केली. बाईंचे समाधान चेहऱ्यावर मावत नव्हते.

बुधवारी अधिकाऱ्याने कागद वाचला आणि परत केला. “सोळा नावं, आणि सगळी क्वार्टर्समधली,” तो म्हणाला. “बाई, हिला शांतता म्हणत नाहीत, फौज म्हणतात.” दुपारपर्यंत मशिदीच्या गल्लीत पोहोचले की क्वार्टर्समध्ये सोळा जणींनी कसल्याशा कागदावर सह्या केल्यात. तिकडच्या पोरांनी पुन्हा दगड गोळा करून ठेवले. झाले ते दुरुस्त करायला जावे आणि आणखी बिघडवून यावे, तशातली गत.

त्याच संध्याकाळी शशिकला पाट्टी आमचा जिना चढून आल्या. पाट्टी म्हणजे आजी. सत्तरीची ही विधवा बाई मशिदीच्या गल्लीच्या तोंडाशी चाळीस वर्षे राहत होती. मूळ तंजावरची, तीनशे वर्षांमागे तिकडे गेलेल्या मराठी घराण्यातली. तिची मराठी जुन्या पोथीतली वाटायची आणि मध्येच तमिळ हेल निघायचा.

“अलकनंदे, तुझें पन्हें बरें जाहलें म्हणून सांगतात अस्की,” ती दारातच म्हणाली. अस्की म्हणजे सगळे. “मज कां बोलावलें नाहींस?”

बाईंनी पाट सरकवला, पण ती बसली नाही.

“मज कुंकूं नाहीं, म्हणून बोलावलें नाहींस. त्या गल्लींतल्या बायकांस कुंकूं नाहीं, म्हणून त्यांस बोलावलें नाहींस. मग भांडण कोणासंगें मिटवतेस? तुझ्याच माणसांसंगें?”

मित्रांनो, मी पितळेची आहे, तरी मला लाज वाटली. अलकनंदाबाई तर चटईवर बसून रडल्या. रडता रडता त्यांनी सगळे सांगितले. “कुडम तिथे होता. मीच सारला. सुनेत्रा खोटं बोलली आणि मी बोलू दिलं.” पाट्टीने ऐकून घेतले, डोळे पुसायला पदर दिला आणि म्हणाली, “हें मज सांगून काय होय? जिचा पाय मोडला तिज सांग.”

बाईंचे तमिळ भाजीवाल्यापुरतेच होते. पाट्टीने त्यांना तीन वाक्ये घोकून दिली. मी तुमचा कुडम सारला. मला तुमची रीत ठाऊक नव्हती. तुमचा पाय कसा आहे? गुरुवारी कँटीनचे गोडे पाणी माझ्यात भरून, ती तीन वाक्ये पुटपुटत बाई मशिदीच्या गल्लीत निघाल्या. दोन्हीकडच्या खिडक्या उघडल्या. मला सगळ्यांनी ओळखले. माझा पोचा आज भिंतीकडे नव्हता.

खैरुन्निसाच्या सासूने दार उघडले, आम्हाला पाहिले आणि बंद केले. बाई मला भरलेलीच परत घेऊन आल्या. जाताना जड होते त्याच्या दुप्पट येताना जड झाले, असे त्या पुरुषोत्तमरावांना म्हणाल्या. घरात प्यायला पाणी कमी, तरी त्यांनी माझ्यातला थेंब घेतला नाही. शुक्रवारी पुन्हा गेल्या, पुन्हा दार बंद झाले.

“पुरे आता. अपमान करून घ्यायची हौस आहे का?” पुरुषोत्तमराव म्हणाले.

“हौस नाही. पण तिथं पोचल्याशिवाय मी थांबायची नाही,” बाई म्हणाल्या.

शनिवारी दार खैरुन्निसानेच उघडले. पायाला प्लास्टर, हाताने चौकट धरलेली. बाईंनी एका दमात तिन्ही वाक्ये म्हणून टाकली. उच्चार सगळे तिरके. खैरुन्निसाने हसू दाबले, पण मला ते दिसले. मग तिने वाकून माझ्या पोच्यावरून हात फिरवला.

“एवढं जड भांडं रांगेत आणतं का कुणी?” ती म्हणाली. बरोबर आलेल्या पाट्टीने ते मराठीत सांगितले. “आणि आज काय पाहिजे? माझी सही?”

“सही पाहिजे, खोटं कशाला बोलू,” बाई म्हणाल्या. “पण सही दिली नाहीत तरी हे पाणी तुमचंच आहे. उद्याही आणीन.”

खैरुन्निसाने क्वार्टर्सच्या दिशेने बोट केले. मग म्हणाली, “माझ्या दारात सांगितलंस. रांगेत सांगशील? तुझ्या माणसांसमोर?”

आपल्या माणसांसमोर सांगायचे म्हणजे सुनेत्राबाईंना खोटे पाडायचे. वीस वर्षांचा शेजार, अडल्यानडल्याला धावून येणारी बाई ती. “सांगीन,” बाई म्हणाल्या.

रविवारी संध्याकाळी कोरड्या टाकीपाशी दोन्हीकडची माणसे जमली. मधे वावभर मोकळी जागा होती. बाईंनी मला त्या मोकळ्या जागेत ठेवले आणि आधी मराठीत, मग मोडक्या तमिळमध्ये सांगितले की हिरवा कुडम तिथे होता आणि आपणच तो पायाने सारला. आमच्या बाजूने कुजबुज उठली. सुनेत्राबाईंचा चेहरा लाल झाला.

“तुझ्यासाठी बोलले मी, अलकनंदा. मला तोंडघशी पाडलंस,” त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून निघून गेल्या. त्यांच्यामागून सह्या केलेल्या सोळांपैकी नऊ जणी गेल्या. बाई तशाच उभ्या राहिल्या.

मग प्लास्टरचा पाय ओढत खैरुन्निसा पुढे आली. “माझं नाव लिहा,” ती म्हणाली. “पण कागदावर अंगठे आणि सह्या झाल्या म्हणजे माणूस मिळाला असं नाही. ही कळशी इथून पुढं रांगेत पहिली राहील, आणि ती कुणाचीच नसेल. जो रांगेत येऊ शकत नाही, म्हातारा, आजारी, बाळंतीण, त्याच्यासाठी ती आधी भरायची. आणि ज्याला बारांत यायचंय त्यानं ही भरून अशा घरी न्यायची, ज्या घराचा उंबरा तो कधी चढला नाही. नेली की त्याचं नाव लिहायचं.”

“आणि तू?” कुणीतरी विचारले.

“माझा पाय बरा होऊ दे. मग नेईन.”

अशी मी भरतीला लागले. सगळ्यांत आधी कोण पुढे आले असेल? आमचे पुरुषोत्तमराव. अपमानाचे बोलणारे तेच, पण बायको एकटी उभी राहिलेली त्यांना पाहवेना. हातपंपाच्या पाण्याने मला भरून, खांद्यावर घेऊन, शर्ट भिजवत ते मशिदीच्या गल्लीतल्या एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या घरी गेले आणि चहा पिऊन आले. सोमवारी दोघे, मंगळवारी तिघे. बुधवारी शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत जाणारा अमोघ नावाचा क्वार्टर्समधला तरुण मला घेऊन गेला, तोही गळ्यातल्या ओळखपत्रासकट. अर्धे पाणी त्याने रस्त्यातच सांडले. त्याला परत भरायला पाठवले. मला इतके कुणी मिरवले नव्हते आणि इतके आदळलेही नव्हते.

गुरुवारी दुपारपर्यंत अकरा झाले. बारावा मिळेना. कुणी म्हणाले, पाट्टीचे नाव घाला. पाट्टीने मान हलवली. “मज दोन्ही घरचे उंबरे ठाऊक आहेत. मी न्यायची कोठें?”

तेव्हा ज्याच्या रिक्षाची काच फुटली होती तो रिक्षावाला उठला. तो अकरांतला होता, एकदा मला नेऊन झाले होते. त्याने मला पुन्हा भरले आणि थेट सुनेत्राबाईंच्या दारात ठेवले. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, हे त्याला ठाऊक होते. दोन वर्षांमागे त्यानेच त्यांना रिक्षाने इस्पितळात पोहोचवले होते. सुनेत्राबाईंनी दार उघडले. तो इतकेच म्हणाला, “तुमच्या घरच्या पाट्टींना अंघोळीला.” आणि जिना उतरून गेला.

तासाभराने सुनेत्राबाई मला रिकामी करून, पुन्हा भरून खाली घेऊन आल्या. त्या अलकनंदाबाईंशी बोलल्या नाहीत. सरळ मशिदीच्या गल्लीत शिरल्या, पहिल्या दिसलेल्या दारात मला ठेवले आणि परत येऊन म्हणाल्या, “लिहा.” अलकनंदाबाईंशी बोलायला त्यांना पुढे दोन महिने लागले.

शुक्रवारी चार वाजता लॉरी आली. रांगेत पहिली मी होते, रिकामी, कुणाचीच नसलेली. माझ्यामागे दोनशे कुडम. आणि मित्रांनो, त्या हलक्या कुडमांना मी त्या दिवशी पहिल्यांदा माझी मंडळी म्हटले. मधेच क्वार्टर्सच्या एका नवख्या माणसाने एका कुडमाला पाय लावला. दोन्हीकडून आवाज चढले. पण ‘कुडम म्हणजे माणूस’ असे म्हणत पुढे धावल्या त्या सुनेत्राबाई. त्याने कुडम उचलून जागेवर ठेवला आणि रांग पुढे सरकली. त्या उन्हाळ्यात आमच्या कोपऱ्यावर पुन्हा दगड उचलला गेला नाही.

बाराचे पुढे चाळीस झाले. शेजारच्या वस्त्या मला मागून न्यायच्या. त्सुनामीनंतर आमची माणसे एका बसने चेन्नईजवळच्या कोवलमच्या कोळीवाड्यात पाणी वाटायला गेली, तेव्हा तिथल्या रांगेतही मी पहिली होते. दर चैत्रात अलकनंदाबाईंच्या हळदीकुंकवाला आता सगळ्यांना बोलावणे जाई. ज्यांना कुंकू नको त्यांना नुसते पन्हे. शशिकला पाट्टींना पाटावर बसवत. फक्त खैरुन्निसा कधी आली नाही. “पाय दुखतो, तीन जिने आहेत,” म्हणायची. तिची बोटे वाकडी जुळली होती, हे खरे. पण बाजारात ती भराभर चालायची, हेही खरे. बाईंनी कधी आग्रह केला नाही, आणि बोलावणे कधी चुकवलेही नाही.

मग नळाला पाणी आले. लॉरी थांबली, रांग संपली. भांडण नाही म्हटल्यावर भांडण मिटवणाऱ्यांची आठवण कुणाला राहते? चाळिसांचे वीस झाले, विसांचे सात. मला माळ्यावर ठेवले. तिथे मी काळी पडले, माझ्यात कोळ्यांनी जाळी केली. दोन वर्षे कुणी हात लावला नाही. वाईट वाटले, खोटे सांगत नाही.

२००८ साली पुरुषोत्तमराव निवृत्त झाले आणि नाशिकला परत जायचे ठरले. सामान बांधले गेले. मलाही वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात घातले. निघायच्या सकाळी दार वाजले. दारात खैरुन्निसा होती. जिना चढून तिला धाप लागली होती. ती घरात आली नाही.

“कळशी कुठं आहे?” तिने विचारले. “गल्लीत परत कुरबुर सुरू आहे, गाड्या लावण्यावरून. सातांनी भागायचं नाही. माणसं परत जोडायला हवीत.”

बाईंनी खोके फोडून मला बाहेर काढले. काळी, जाळ्यांनी भरलेली. खैरुन्निसाने मला कमरेवर घेतले आणि ती उतरली. खालच्या नळाशी तिने मला मातीने घासले, धुतले, काठोकाठ भरले आणि पुन्हा जिना चढू लागली. पहिल्या मजल्यावर थांबली. दुसऱ्यावर भिंतीला टेकली. बाई धावत खाली आल्या, हात पुढे केला. तिने मान हलवली. तिसऱ्या मजल्यावर तिने उंबरा ओलांडला आणि मला अलकनंदाबाईंच्या रिकाम्या स्वयंपाकघरात, माझ्या जुन्या जागी ठेवले.

“सगळ्यांनी नेली, मीच राहिले होते,” ती म्हणाली. “या घरात मी कधी आले नव्हते. आता माझं नाव खरं झालं.”

घरात एक भांडे उघडे नव्हते. बाईंनी ओंजळ पुढे केली, खैरुन्निसाने मला कलती केली आणि त्या पोटभर पाणी प्याल्या. पाच वर्षे लागली होती त्या पाण्याला पोहोचायला. नंतर दोघी बराच वेळ त्या रिकाम्या घरात बसल्या. अलकनंदाबाई नाशिकला गेल्या. मला त्यांनी नेले नाही.

आता मी खैरुन्निसाच्या दाराशी असते. तिला देवनागरी येत नाही, म्हणून नवे स्वयंसेवक माझ्या गळ्याखालचे नाव वाचून दाखवतात आणि विचारतात, ही कोण? ती म्हणते, “हिनं माझा कुडम सारला होता. आणि तीन दिवस पाणी घेऊन आली होती.”

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे भांडे माळ्यावर असेल तर त्याला खाली काढा, चिंचेने घासा. आणि शेजारच्या ज्या दाराशी तुम्ही कधी गेला नाहीत, तिथे ते भरून न्या. भांडण होईपर्यंत थांबू नका. दार पहिल्या दिवशी उघडेल असे नाही. भरलेले भांडे परत आणताना फार जड लागते. दुसऱ्या दिवशी पुन्हा न्या.